मूल दोन वर्षांचं आणि घरात पिल्लू आणायचंय?

‘आमची मुलगी दोन वर्षांची आहे. तिला भूभू फार आवडतो. कोणत्या जातीचं पिल्लू आणू?’ थोड्याफार फरकानं हाच प्रश्न वाचक सतत विचारतात. कुणाला लॅब्रॅडॉर हवा असतो, कुणाला पर्शियन मांजर, कुणाला ‘निदान पोपट तरी’. प्रश्नात जात असते, किंमत असते, सोसायटीचे सेक्रेटरी असतात. पावसाळ्यात सकाळी सहाला पिल्लाला खाली कोण नेणार, हे मात्र सहसा नसतं.

एक ते तीन वर्षांचं मूल प्राणी पाळायला तयार नसतंच. प्राण्याला नीट हाताळण्याची आणि त्याचं थोडंफार काम करण्याची समज साधारण पाच-सहा वर्षांनंतर येते, असं बालरोगतज्ज्ञ मानतात. याचा अर्थ त्याआधी प्राणी आणूच नये असा नाही. पण मग तो प्राणी मुलाचा नसतो, तुमचा असतो, आणि निर्णयही त्याच हिशेबानं घ्यायला हवा. ‘मुलाला हवाय’ हे कारण धरू नका. दोन वर्षांच्या मुलाला रस्त्यावरचा जेसीबीही हवा असतो.

आधी मोठ्यांची तयारी तपासा

कागद-पेन घेऊन बसा आणि घरातल्या सगळ्यांसमोर या प्रश्नांची उत्तरं लिहा. ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही.

- दिवसभर घरात कोण असतं? बहुतेक घरांत निर्णय मुलगा-सून घेतात आणि काम आजीवर पडतं. नातवाच्या मागे धावून ज्यांचे गुडघे आधीच बोलतायत, त्यांना स्पष्ट विचारा. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणजे होकार नव्हे. मूल सांभाळायला ताई येत असतील तर त्यांनाही विचारा; त्या कुत्र्याला घाबरत असतील तर पिल्लू येईल आणि त्या जातील.
- शू-शीचं कोण बघणार? लहान पिल्लाला जागेपणी दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. तुमच्या मुलाचं डायपर सोडवणंही याच काळात चालू असेल, तर दोन्ही शिकवण्या एकदम घेऊ नका. आधी एक संपवा.
- पुढच्या वर्षभरात काय काय ठरलंय? दुसरं बाळ, बदली, घर बदलणं, परदेशची नोकरी यांपैकी काही असेल तर थांबा.
- गणपतीला गावी जाताना काय? रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याची नोंदणी होते. कडेवर मूल घेऊन ही धावपळ कशी होईल, ते डोळ्यांसमोर आणा. ठेवून जायचं तर कुणाकडे, त्यांची नावं लिहा.
- किती वर्षं? कुत्रा दहा ते तेरा वर्षं जगतो, घरातलं मांजर पंधरा वर्षंही. आज दोन वर्षांची असलेली तुमची मुलगी दहावीला असेल तेव्हा कुत्र्याचं म्हातारपण, त्याची औषधं आणि रात्रीची जागरणं सुरू असतील.
- पैसे? पिल्लाची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च. खाणं, लसी, जंताची औषधं, नसबंदी, सुट्टीतलं बोर्डिंग आणि अचानक आलेलं आजारपण यांचे आकडे तुमच्या भागातल्या पशुवैद्याला विचारून मांडा.

यानंतर रंगीत तालीम करा, पिल्लाविना. दोन आठवडे रोज सकाळी आणि रात्री वीस-वीस मिनिटं खाली फेरी मारा. मूल आजारी असलं तरी, पाऊस असला तरी. चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपलात, तर उत्तर मिळालं. खर्च शून्य आणि कुठल्या जिवाला त्रासही नाही.

मुलाकडे काय पाहायचं

मूल शांत आहे की दंगेखोर, यावर फारसं अवलंबून नसतं. शांत मूलही कुत्र्याच्या डोळ्यात बोट घालतं, कारण तिथे काहीतरी चमकत असतं. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ‘थांब’ म्हटल्यावर ते दहापैकी निदान सहा-सात वेळा थांबतं का? ‘हळू’ म्हटल्यावर हाताची पकड सैल होते का? राग आला की चावणं, ओरबाडणं, वस्तू फेकणं सध्या जोरात आहे का? असेल तर ते मूल वाईट नाही. या वयात ते होतंच. पण तो काळ ओसरू द्या.

भीतीही तपासा. कुत्रा दिसल्यावर थोडं मागे सरून मग कुतूहलानं बघणारं मूल ठीक. थरथर कापणाऱ्या, रडून उलटी काढणाऱ्या मुलाची ‘भीती घालवायला’ घरात कुत्रा आणू नका. ज्याच्यापासून पळायचंय तो स्वयंपाकघरातही असणार, हे त्या जिवाला सोसवत नाही.

हे सगळं ओळखीच्या घरी तपासता येतं. ज्यांच्याकडे वयस्क, शांत कुत्रा किंवा मांजर आहे अशांकडे महिना-दीड महिना अधूनमधून जा, दर वेळी तासभर बसा. ॲलर्जीचाही अंदाज येतो. शिंका, डोळे चोळणं, अंगावर गांधी, रात्रीचा खोकला यांची नोंद ठेवा. दम्याची तक्रार किंवा घरात तसा इतिहास असेल तर बालरोगतज्ज्ञांशी आधी बोला. ‘या जातीचे केस गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी होत नाही’ असं विकणारा सांगेल. ॲलर्जी मुख्यतः त्वचेच्या कोंड्यातून आणि लाळेतून होते. कोंडा आणि लाळ बिनकेसांच्या प्राण्यालाही असतात.

मग कोणता प्राणी?

कुत्रा. सल्ला अनेकांना आवडणार नाही, तरी देतो आहोत: घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर पिल्लू आणू नका, दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्या. पिल्लू आणि मूल ‘एकत्र वाढतील’ ही कल्पना फोटोत छान दिसते. प्रत्यक्षात तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात येत असतात आणि ते हलणारी प्रत्येक गोष्ट चावून बघतं. दुडूदुडू धावणारी छोटी पावलं त्याला सगळ्यात आवडतात. शिवाय त्याची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावरच होते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो: मुलांच्या आवाजाला तो दचकतो का, खाताना कुणी जवळ आलं तर ताठ होतो का, हे सांभाळणारी माणसं सांगू शकतात. मुलांच्या घरात राहिलेला, लसीकरण आणि नसबंदी झालेला गावठी कुत्रा मिळाला तर उत्तमच. आपल्या हवेत तो टिकतो. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात हस्की ठेवणं ही त्या प्राण्याला शिक्षा आहे, आणि चपट्या नाकाच्या पगला उकाड्यात श्वास पुरत नाही.

तरीही पिल्लूच घ्यायचं ठरवलंत तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार त्याआधी विकायला बंदी आहे, आणि विकणाऱ्याची नोंदणी असणंही बंधनकारक आहे. आईजवळ पुरेसं न राहिलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं नाही, हे भावंडांकडून शिकायला मिळालेलं नसतं. त्याची शिकवणी मग तुमच्या मुलाच्या हातापायांवर होते. नोंदणीचा कागद मागा, पिल्लाची आई दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर निघा.

मांजर. जिथे मूल पोचत नाही अशी उंच जागा तिला दिलीत तर मांजर स्वतःचं रक्षण बरंच करते. अडचणी दोन. तिचा शौचाचा ट्रे मुलाला वाळूचा खेळ वाटतो. तो मुलाला न उघडता येणाऱ्या जागी हवा. आणि खिडक्या-बाल्कनीला जाळी नसेल तर आधी ती लावा, मांजरासाठीही आणि मुलासाठीही. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे साफ करण्याचं काम दुसऱ्यानं करावं, कारण त्यातून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो.

मासे. या वयाला मला सगळ्यात योग्य वाटणारा पर्याय, पण ‘काही करावं लागत नाही’ म्हणून नव्हे. पाणी बदलावंच लागतं. मुलाला बघायला मिळतं, हाताळायला मिळत नाही, हाच मोठा फायदा. गप्पी, मोली यांसारखे काटक मासे घ्या. टाकी जड आणि न हलणाऱ्या बैठकीवर, वायरी मागे, झाकण घट्ट. खाद्याची डबी वरच्या फळीवर. नाहीतर एका दुपारी सगळी डबी पाण्यात रिकामी झालेली असेल.

ससा मऊ दिसतो म्हणून लहान मुलांचा मानला जातो. तसं नाही. त्याला उचलून घेतलेलं आवडत नाही, तो मागच्या पायांनी लाथ मारतो, आणि हातातून निसटला तर त्याचा कणा मोडू शकतो. जत्रेत मिळणारी रंगवलेली कोंबडीची पिल्लं तर घेऊच नका. ती फार दिवस जगत नाहीत आणि मुलाच्या हातातच मान टाकतात.

पोपट आणि कासव. आपल्याकडचा हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, ‘आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे असायचा’ असं असलं तरी. पाठीवर तारे असलेलं कासव तर त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दुकानात कुणी हळूच दाखवलं तर घेऊ नका. बाजारात ‘गुडलक’ म्हणून मिळणारी लाल पट्ट्याची छोटी पाणकासवं परदेशी आहेत. त्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. हात तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाच्या घरात ती नकोत.

घरात आल्यावरचे नियम

सगळ्यात वरचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तेव्हा एक जागं, मोबाइल बाजूला ठेवलेलं मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. दारावरची बेल वाजली तरी दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन जा. ‘आमचा असं करणार नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चाव्याआधी कुणीतरी म्हटलेलं असतं. आणि चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो. लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतो, त्यामुळे त्यांना चावा चेहऱ्यावर आणि मानेवर बसण्याची शक्यता जास्त.

बाकीचे छोटे, पण रोजचे:

- कुत्र्याची एक जागा ठरवा जिथे मुलाला पूर्ण मज्जाव असेल. दाराला बेबी गेट लावलंत तर उत्तम.
- खात असताना, झोपलेला असताना, तोंडात काही असताना त्याच्याजवळ मूल नाही.
- गोंजारायचं उघड्या तळव्यानं, छातीपाशी किंवा पाठीवर. डोक्यावर वरून हात नको. मिठी आणि घोडा-घोडा तर अजिबात नको, कितीही व्हिडिओ पाहिलेत तरी.
- मुलाच्या हातचं खाणं कुत्र्यापासून लांब. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा कुत्र्याला विषारी ठरू शकतात. वापरलेला डायपरही तो फाडून खातो. झाकणाची कचरापेटी घ्या.
- गोचीड-पिसवांचं औषध लावलं की ते सुकेपर्यंत मुलाला त्याला हात लावू देऊ नका.
- फटाक्यांच्या दिवसांत घाबरलेला कुत्रा एरवी करणार नाही ते करतो. दिवाळीच्या रात्री दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

कुत्रा गुरगुरण्याआधी बरंच काही सांगत असतो. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट हलवत असतानाही अंग ताठ ठेवणं. यातलं काही दिसलं की मुलाला उचला, हसत हसत, आरडाओरडा न करता. आणि गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका. त्यानं तुम्हाला वेळेवर सूचना दिली आहे. मार खाऊन तो सूचना देणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

आरोग्याचं वेळापत्रक

पिल्लांच्या पोटात गोल जंत जवळजवळ असतातच आणि विष्ठेतून त्यांची अंडी जमिनीवर, तिथून रांगत्या मुलाच्या तोंडात जातात. म्हणून पशुवैद्य सांगतील त्या तारखांना जंताचं औषध चुकवू नका, विष्ठा लगेच उचला, आणि प्राण्याला हात लावल्यावर मुलाचे हात साबणानं धुवा. केस गळून गोल चकत्या पडलेलं मांजर दिसलं तर तो नायटा असू शकतो. तो माणसालाही होतो.

रेबीजची लस प्राण्याला दर वर्षी, न चुकता. एक गोष्ट मात्र पुष्कळ पालकांना माहीत नसते: घरात पाळीव प्राणी असलेल्या मुलांना रेबीजची लस आधीच देऊन ठेवावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. ती दिलेली असली तरी चाव्यानंतर पुढचे डोस घ्यावेच लागतात, पण उपचार सोपा होतो.

चावलं किंवा ओरखडलं तर

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मूल रडेल, तरी धुवा.

२. हळद, चुना, तिखट, लिंबू काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. रक्त आलं असेल किंवा चिरलेल्या त्वचेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते तिथे आहे का, जाण्याआधी फोन करून विचारा.

४. डोसच्या तारखा पाळा. त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८.

५. ‘पिल्लूच तर आहे’, ‘घरचाच आहे’, ‘त्याची लस झालीय’ म्हणून थांबू नका. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण उपचार सुरू करून.

दोन वर्षांचं मूल ओरखडा सांगेलच असं नाही. रोज अंघोळीच्या वेळी अंग नीट पाहून घ्या.

सोसायटी आणि घरमालक

सोसायटी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमतानं ठराव करूनही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलं आहे. प्राण्याला लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे लावणंही त्यात बसत नाही. नोटीस आली तर भांडायला न जाता लेखी उत्तर द्या आणि या सूचनांची प्रत जोडा. तुमच्या बाजूनं तीन कागद तयार हवेत: महापालिकेचा श्वान परवाना, चालू वर्षाच्या लसीचं प्रमाणपत्र आणि नसबंदीचा दाखला. जिन्यात-लिफ्टमध्ये पट्टा आणि विष्ठा उचलायची पिशवी असेल तर निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

भाड्याच्या घराचं वेगळं आहे. करारात ‘पाळीव प्राणी नाही’ असं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नाही. मालक दुसऱ्या गावी राहतात आणि शेजारी फोटो पाठवतात, हे नेहमीचं आहे.

नाहीच जमलं तर

घाईनं काही करू नका, पण लपवूही नका. मूल सतत आजारी पडू लागलं किंवा कुत्र्यानं दोनदा दात दाखवले, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान दुखणं, दात किडणं अशी साधी कारणंही असतात. मग दोघांना वेगळं ठेवून प्रशिक्षकाचा सल्ला घ्या.

तरीही द्यायचंच ठरलं तर जिथून आणला त्यांना पहिला फोन करा; चांगल्या दत्तक संस्था प्राणी परत घेण्याची अट स्वतःहूनच घालतात, ती घेतानाच विचारून ठेवा. नवं घर शोधताना त्याचा स्वभाव खरा सांगा, चावला असेल तर तेही. लसीची पुस्तिका, खाण्याची सवय आणि त्याची चादर सोबत द्या. पाळीव प्राण्याला रस्त्यावर किंवा गावाबाहेर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही फार तर पन्नास रुपये, त्यामुळे कायद्याचा धाक कुणाला वाटत नाही. पण घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर काही दिवसही काढू शकत नाही: त्याला ना अन्न शोधता येतं, ना तिथल्या टोळीशी जुळवून घेता येतं. नवं घर मिळेपर्यंत तो तुमच्याचकडे राहील, वेगळ्या खोलीत का होईना, एवढी सोय आणण्याआधीच करून ठेवा.